उचल, चल, टेकव, सोड

काच उचलताना बोलायचे शब्द चारच. उचल, चल, टेकव, सोड. पाचवा शब्द कुणाच्या तोंडून निघाला की मास्तर काम थांबवायचा, मग तो शब्द 'सांभाळून' असो की 'अरे बापरे'. "बडबड करायची असेल तर कँटीनमध्ये जा," तो म्हणायचा, "तिथले पेले स्टीलचे आहेत."

त्याला मास्तर कुणी नेमलं नव्हतं. शाळा त्याने आठवीतच सोडली होती. खिडक्या, दारं आणि ऑफिसातल्या पारदर्शक भिंती बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं काचेच्या हॉलचा मुकादम होता, आणि नवा आलेला प्रत्येक माणूस पहिले आठ दिवस त्याच्या हाताखाली जायचा, म्हणून मास्तर. पाठीमागे लोक त्याला सोडमास्तर म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या नावाचं कारण हॉलच्या मागच्या अंगणात होतं. तिथे गुडघाभर खोल एक खड्डा होता, वाळूने भरलेला. महिन्यातून एकदा मास्तर ओरखडे पडलेली किंवा कोपरा उडालेली एखादी काच तिथे न्यायचा, दोघांना दोन कडांना उभं करायचा, काच त्यांच्या हातात द्यायचा आणि अचानक ओरडायचा, "सोड!" दोघांनी त्याच क्षणी हात काढायचे आणि दोन पावलं मागे व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या खेपेला एकालाही जमत नसे. पडणारी वस्तू पकडायची हे माणसाच्या हाडीमाशी असतं. प्रत्येकाने लहानपणी कपबशी फोडल्याबद्दल धपाटे खाल्लेले असतात. मास्तरला ते सगळे धपाटे पुसून काढायचे असत. "काच कारखान्याची आहे, हात तुझे आहेत," तो सांगायचा. "कारखाना उद्या दुसरी काच आणेल. तू दुसरे हात कुठून आणशील?"

नव्यांनाच नव्हे, वीस वर्षं काम केलेल्यांनाही तो महिन्यातून एकदा खड्ड्यावर उभा करायचा, आणि स्वतःही उभा राहायचा. हात विसरतात, असं त्याचं म्हणणं होतं. डोक्याला एकदा सांगितलं की पुरतं, हाताला दर महिन्याला सांगावं लागतं.

बाकीचं त्याचं शास्त्र साधं होतं. काच आडवी ठेवायची नाही. आडवी ठेवली की थराचा सगळा भार तळाच्या काचेवर येतो आणि ती कधी तडकेल याचा नेम नसतो. उभी ठेवायची, पण ताठ नाही, बसथांब्यावर कंटाळलेला माणूस खांबाला टेकतो तेवढी रेलून. त्यासाठी हॉलमध्ये लोखंडी घोडे होते, दोन्ही अंगांनी उतरते, तळाला रबर ठोकलेलं लाकूड आणि पाठीला फेल्टचं जाड मऊ कापड. दोन काचांमध्ये एक कागद हवाच, नाहीतर दमट हवेत काचा एकमेकींना चिकटून बसतात. घोड्याच्या एका बाजूची काच काढली की पुढची दुसऱ्या बाजूची काढायची, म्हणजे घोडा एका अंगाला जड होत नाही. गाडीवर चढवलेली काच पट्ट्याने आवळल्याशिवाय गाडी वीतभरही हलवायची नाही. आणि काच जिकडे पडू शकते तिकडे उभं राहायचं नाही.

हे शास्त्र तो घरीही पाळायचा. ताटं मध्ये कागद घालून उभी ठेवायचा, इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली रबर सारायचा. त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, "एक दिवस मलाही असेच भिंतीला टेकवून ठेवतील बघा."

त्याच्या जोडीदाराचं नाव हॉलमध्ये लंब्या. मास्तरपेक्षा दीड वीत उंच, पाच वर्षांनी लहान, आणि बोलायला इतका कमी की चार शब्दांचा नियम त्याला सैलच पडत असेल. एकोणीस वर्षं दोघांनी एकत्र काच वाहिली होती. जोडीने काच वाहणं म्हणजे पावलात पाऊल, श्वासात श्वास. एकाला शिंक येणार असली तर दुसऱ्याला आधी कळायचं. लंब्याचे हात मोठे, चपटे, संथ. कडेला हात घालताना तो घाई करत नसे आणि काढताना धसका देत नसे. मास्तरच्या धाकट्या बहिणीला स्थळ बघायची वेळ आली तेव्हा मास्तरने ते हात आठवले. या हातांत एवढी काच सुखरूप राहते, तर आपली धाकटी का नाही राहणार, असा त्याने हिशेब केला आणि लग्न जुळवलं. लग्नानंतर दोन दिवस त्याने लंब्याला 'दाजी' म्हणून पाहिलं. दोघांनाही इतकं हसू यायचं की तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लंब्या झाला. धाकटी मात्र चिडायची. "दादा, माझ्या नवऱ्याला निदान माझ्या घरात तरी नावाने हाक मार," ती म्हणायची. पण ते काही त्याला जमलं नाही.

मग कारखान्यात नवे साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर पाटी आली.

पाटी हॉलच्या दारावर लागली. वर लिहिलेलं, 'काच न फुटता सलग दिवस', आणि खाली तीन आकडे, खिळ्यांवर अडकवायच्या पत्र्याच्या चकत्यांचे. तीनशे पासष्ट झाले की हॉलमधल्या सगळ्यांचा फोटो मोठ्या ऑफिसात लागणार होता. साहेब वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की आकडा समोर असला की माणूस जपून काम करतो.

मास्तरने पहिल्या आठवड्यात नाक मुरडलं. "मोजायचंच असेल तर बोटं मोजा," तो कँटीनमध्ये म्हणाला. "किती घेऊन आलो, किती घेऊन चाललो." लोक हसले. पण आकडा रोज सकाळी कुणीतरी बदलायला हवा होता आणि सगळ्यांत आधी येणारा मास्तरच. चाळीस झाले, साठ झाले, नव्वद झाले. शंभराव्या दिवशी साहेबांनी हॉलमध्ये येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मास्तर चकती अडकवायच्या आधी ती बाहीने पुसायला लागला. लंब्याने ते पाहिलं आणि फक्त भुवया उंचावल्या.

खड्ड्याचं काय, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात निघाला होता. खड्ड्यावर फोडलेली काच ही फुटलेलीच काच, नोंदवहीत तिचीही ओळ पडते, असं साहेबांचं म्हणणं. "तुमची माणसं आता इतकी तयार आहेत, मास्तर, की तुम्हाला ती कवायत लागतेच कशाला?" त्यांनी विचारलं. सव्वीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. हुरळला, दुसरं काय. तो म्हणाला, "बरं, बघू." मग खड्ड्यावर फळ्या टाकल्या गेल्या आणि फळ्यांवर रिकामी खोकी. अकरा महिने हॉलमध्ये कुणीही काच सोडली नाही. मास्तरनेही नाही.

तीनशे एक्केचाळीसावा दिवस. सकाळचे अकरा वाजले होते. दुकानाच्या दर्शनी भागासाठी दहा मिलिमीटरच्या काचा कापायच्या होत्या. क्रेन माल चढवण्याच्या धक्क्यावर अडकली होती, आणि पाऊणशे किलोची काच मास्तर आणि लंब्याने हाताने नेण्यात नवीन काही नव्हतं. दोघांनी हातमोजे घातले, मनगटांना चामडी पट्टे बांधले. घोड्याच्या दोन कडांना दोघं उभे राहिले. पलीकडे कड घासायचं यंत्र किंचाळत होतं. मास्तर म्हणाला, "उचल."

काच घोड्यावरून सरळ झाली, आणि मास्तरला वजनातच कळलं की काहीतरी चुकलंय. ती एकटी आली नव्हती. मधला कागद कुठेतरी गळून पडला होता आणि मागची काच तिला चिकटून तिच्याबरोबर उभी राहिली होती. एक नाही, दोन. दीडशे किलो, घोड्यापासून सुटून पुढे झुकायला लागलेले.

अशा वेळी काय करायचं हे त्याने किमान दोनशे माणसांना शिकवलं होतं. शब्द तयार होता. सव्वीस वर्षं तो जिभेवर तयारच असायचा. पण त्या अर्ध्या क्षणात मास्तरच्या डोळ्यांपुढे काच आली नाही, लंब्या आला नाही. पाटी आली. तीनशे एक्केचाळीस.

"धर!" तो ओरडला.

आणि ओरडताना त्याचे स्वतःचे हात सुटले. तोंड एक बोललं आणि हातांनी जुनंच केलं, जे त्यांनी वर्षानुवर्षं खड्ड्यावर केलं होतं: काढून घेतले, दोन पावलं मागे. ते त्याने ठरवून केलं नाही. पण केलं. लंब्याने मात्र, एकोणीस वर्षांत मास्तरच्या शब्दाबाहेर न गेलेल्या लंब्याने, दोन्ही हातांनी धरलं. सगळं वजन एकट्याकडे आलं. पुढची काच मधोमध तडकली आणि तिचा वरचा तुकडा त्याच्या हातांवरून, चामडी पट्ट्यांच्या वरच्या बाजूने, खाली सरकला.

लंब्या ओरडला नाही. तो खाली बसला आणि हातांकडे बघत राहिला. मास्तरने आपला सदरा फाडून गच्च बांधला, हॉलमधली माणसं धावली, गाडी आली. जाताना गाडीत लंब्या एवढंच म्हणाला, "पाटी गेली, मास्तर."

हात वाचले, म्हणजे जागेवर राहिले. आतल्या शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या जमेल तशा शिवल्या, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताची तीन बोटं वळणार नाहीत, डाव्याचं अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरला केबिनमध्ये बोलावलं. सुरक्षा अधिकारी वही उघडून बसला होता. हॉलमध्ये कॅमेरा होता. त्याचं चित्र त्यांनी पडद्यावर लावलं. चित्राला आवाज नव्हता. दोन माणसं काच सरळ करतात. काच झुकते. एक माणूस हात काढून दोन पावलं मागे होतो, अगदी पुस्तकात असावं तसं. दुसरा धरून राहतो. त्यांनी ते तीनदा दाखवलं. मास्तरने पडद्यावरच्या त्या पहिल्या माणसाकडे पाहिलं. किती बरोबर वागत होता तो!

"तुम्ही नेहमीप्रमाणे 'सोड' म्हणालात. बरोबर?" साहेबांनी विचारलं.

नाही म्हणायला एकच क्षण होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण खरं सांगायचं तर त्याला नोकरीची भीती वाटली नाही. त्याला भीती वाटली ती या खोलीतून बाहेर पडल्यावर लोक त्याला काय म्हणतील याची. अधिकाऱ्याचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

"हो," मास्तर म्हणाला.

पेन चाललं. इतकंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने गाळणी त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाली, "आता बोललात तर त्यांचे हात परत येणार आहेत का?" त्याला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

तो हॉस्पिटलात गेला तेव्हा लंब्याने त्याला बोलूच दिलं नाही. दोन्ही हात उशांवर, कोपरापर्यंत पट्ट्यांत. "मास्तर, माझंच चुकलं," तो म्हणाला. इतकी वाक्यं सलग तो आयुष्यात बोलला नसेल. "साहेब येऊन गेले. मी सांगून टाकलं. मास्तर 'सोड' म्हणाले, मी ऐकलं, माझ्या हातांनी ऐकलं नाही. एवढं शिकवलंत तुम्ही. मूर्ख हात माझे."

"तू ऐकलंस?" मास्तरने विचारलं. "मी काय म्हणालो ते ऐकलंस?"

"यंत्र चालू होतं, नीट नाही. पण तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

धाकटी पलीकडे सफरचंद चिरत होती. तिने एक फोड नवऱ्याच्या तोंडात घातली आणि एक भावाच्या हातावर ठेवली. मास्तरने ती खाल्ली.

कारखान्यात अशी रीत होती की कामावर दुखापत झालेल्या माणसाला फाटकावर घ्यायचं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीवरच्या काचा नीट रेलल्यात का, पट्टे आवळलेत का, दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का, एवढं बघायचं. त्या कामाला हात लागत नाहीत, डोळे आणि अनुभव लागतो. लंब्याहून लायक माणूस मिळाला नसता, आणि लंब्या त्याच आशेवर दिवस ढकलत होता. फाटकावरच्या खुर्चीला उशी लागेल, उन्हाची टोपी लागेल, असं काय काय धाकटीला सांगायचा. दोन महिन्यांनी पत्र आलं. फाटकावरचं काम, त्यात लिहिलं होतं, नियम पाळूनही दुखापत झालेल्यांसाठी आहे. ज्याने स्वतः नियम मोडला त्याच्यासाठी नाही.

धाकटीने पत्र वाचून दाखवलं. लंब्याने मान डोलावली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मीच मोडला."

त्यानंतर त्याने टोपीचं नाव काढलं नाही. धाकटी कापडाच्या दुकानात दुप्पट वेळ उभी राहायला लागली. सकाळी जाण्याआधी ती त्याची दाढी करायची, गुंड्या लावायची, पाण्याचा पेला नळी घालून टेबलाच्या कडेला ठेवायची. दिवसभर तो खिडकीशी बसायचा. कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणायचा, "विचार करतोय, सोडलं का नाही मी." त्याला तो क्षण आठवत नव्हता, आणि जे आठवत नाही ते तो पुन्हा पुन्हा घडवून बघायचा. प्रत्येक वेळी शेवटी दोषी तोच निघायचा. मास्तर दर रविवारी जायचा, समोर बसायचा आणि मूग गिळून परत यायचा. त्याला जेवण जाईना. बायकोने ताटं साधीच, एकावर एक रचून ठेवायला सुरुवात केली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

हॉलमागचा खड्डा पुन्हा उघडा, असं सांगायला तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, त्याची गरज नाही, आता आपल्याकडे चित्रफीत आहे. आणि खरंच, नव्या माणसांना ती दाखवायला लागले. चित्र मध्येच थांबवून सुरक्षा अधिकारी म्हणायचा, "हे मास्तर. हे कसे मागे झाले ते बघा. आणि हे दुसरे. यांनी सोडलं नाही." मास्तर तिथेच, भिंतीला टेकून उभा असायचा. पोरं वळून त्याच्याकडे आदराने बघायची. एकदा एकाने विचारलं, "त्या दुसऱ्याचं काय झालं?" मास्तर पाणी प्यायला निघून गेला.

पाचव्या महिन्यात त्याचा धीर सुटला, किंवा आला म्हणा. तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "साहेब, मी 'सोड' म्हणालो नव्हतो. 'धर' म्हणालो होतो. त्याने नियम मोडला नाही, माझा शब्द पाळला. फाटकाचं काम त्याला द्या आणि मला जे काय करायचं ते करा."

साहेबांनी त्याला बसवलं. पाणी मागवलं. "मास्तर," ते फार मायेने म्हणाले, "बहिणीचा नवरा आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पण चित्र सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही स्वतः हात काढलेत, मागे झालात. जो माणूस स्वतः सोडतोय तो दुसऱ्याला 'धर' कसा म्हणेल?"

गेले पाच महिने मास्तरही स्वतःला हेच विचारत होता.

"आणि तुमचा जोडीदार स्वतःच लिहून देऊन बसलाय की तुम्ही 'सोड' म्हणालात," साहेब पुढे म्हणाले. "बोटांना पट्ट्या, अंगठा उमटवलाय बिचाऱ्याने. शिवाय फाटकावर आपण माणूस घेतला मागच्याच आठवड्यात. घरी जा, मास्तर. आज सुट्टी घ्या."

त्याने सुट्टी घेतली नाही. तो तडक बहिणीच्या घरी गेला. भर दुपारची वेळ होती. धाकटी जेवायच्या सुट्टीत घरी आली होती आणि नवऱ्याला घास भरवत होती. मास्तरने चपलाही काढल्या नाहीत.

"लंब्या, ऐक," तो म्हणाला. "मी 'धर' म्हणालो होतो. त्या दिवशी. मला पाटी दिसली आणि मी 'धर' म्हणालो. आणि मी स्वतः सोडलं. तू काही चुकला नाहीस. तुझे हात मूर्ख नाहीत. मी चोर आहे."

धाकटीचा हात घासासकट थांबला. लंब्याने मास्तरकडे पाहिलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांत आलं नव्हतं असं काहीतरी आलं. तो हसायला लागला. मोठ्याने, मान मागे टाकून.

"मास्तर! तुम्ही आणि 'धर'?" तो म्हणाला. "अहो, तो शब्दच नाही आपल्याकडे! चार शब्द. उचल, चल, टेकव, सोड. एकोणीस वर्षांत पाचवा शब्द कधी ऐकला नाही मी तुमच्याकडून."

"त्या दिवशी बोललो. शपथेवर सांगतो."

"बरं, बोललात," लंब्या म्हणाला, जसं लहान मुलाला म्हणतात तसं. त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी तुम्ही स्वतःच्या नावाला काळं फासायला निघालात. कोण करतं एवढं?"

"लंब्या, अरे, मी खरं..."

"बास, मास्तर. बसा. जेवा आमच्याबरोबर."

मास्तर बसला नाही. धाकटी त्याला दारापर्यंत सोडायला आली. उंबऱ्याशी तिने भावाचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, सगळी बोटं जागेवर आहेत का पाहावं तशी त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"दादा, तुझे फार उपकार झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "किती दिवसांनी हसले ते. पण पुन्हा असं बोलू नकोस. आता दिवसभर बसून विचार करतील, खरंच म्हणाले असतील का म्हणून. उगाच आशेला लावू नकोस त्यांना. चुकलं ते चुकलं, आम्ही आता पचवलंय."

"धाकटे, तुला तरी पटतंय का मी काय बोलतोय ते?"

ती थकलेलं हसली. "तुला खोटं बोलता येत नाही, दादा. लहानपणापासून येत नाही. लगेच कळतं."

मास्तर जिन्याने खाली उतरला. खरं बोलायची वेळ केबिनमध्ये होती, तिसऱ्या दिवशी, पेन कागदावर टेकलेलं असताना. तेव्हा त्या शब्दाला किंमत होती. आता तो कितीही ओरडला तरी लोक त्याचं कौतुकच करणार होते.

रविवारी तो नेहमीप्रमाणे गेला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी लंब्याला एक मऊ रबरी चेंडू दिला होता. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस खेपा. समोर बसून कुणीतरी मोजायचं, सांगायचं. धाकटीला कामावर जायचं होतं. तिने खुर्ची ओढून भावाला नवऱ्यासमोर बसवलं, चेंडू लंब्याच्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

"तुम्हीच सांगा, मास्तर," लंब्या म्हणाला. "तिच्या आवाजाला हे हात दाद देत नाहीत. तुमच्या आवाजाची सवय आहे त्यांना. कदाचित ऐकतील."

"काय सांगायचं असतं?" मास्तरने विचारलं, पण त्याला कळून चुकलं होतं.

"सोपं आहे. आधी 'धर' म्हणायचं. पाच मोजायचे. मग 'सोड'." लंब्या हसला. "बघा, आला की नाही पाचवा शब्द."

खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. चेंडू पिवळा होता. त्याच्याभोवती तो मोठा, चपटा, संथ हात उघडा पडला होता, मनगटाच्या वर आडवी, जाड, गुलाबी शिवण. लंब्या मास्तरच्या तोंडाकडे बघत होता, हॉलमध्ये काचेच्या पलीकडच्या कडेवरून बघायचा तसा, शब्दाची वाट बघत.

मास्तरने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"धर."

लंब्याने सगळा जीव गोळा केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. अंगठा थोडासा थरथरला. बोटं तशीच राहिली, आणि चेंडू तळव्यावरून घरंगळत टेबलावर, टेबलावरून खाली गेला.

"पुन्हा," लंब्या धापा टाकत म्हणाला. "पुन्हा सांगा, मास्तर. अजून एकोणीस राहिले."

मास्तर खाली वाकला. चेंडू खुर्चीखाली गेला होता. तो उचलायला त्याला बराच वेळ लागला.